उसनी भूक

रणजित खोतच्या कानात बुगडी चढली ती मिरजेच्या एका रुग्णालयात, चाळिशी उलटून गेल्यावर. मिशा राखणारा, बेदाण्याच्या शीतगृहांतली अवजड यंत्रं उघडून बसणारा हा गडी आरशात बघून म्हणाला, आता फक्त नऊवारी तेवढी नेसायची राहिली. समोरच्या खुर्चीत त्याची थोरली बहीण शैलजा बसली होती. तिच्याही कानात तसलीच बुगडी होती. ती हसली, आणि हसताना तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा जरा जास्तच दिसला.

त्या पिवळेपणापायीच हा सगळा खटाटोप चालला होता. शैलजाचं यकृत निकामी होत चाललं होतं. आयुष्यात दारूचा थेंब न शिवलेली, शाळेत गणित शिकवणारी बाई. पण तिच्या शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच वर्षानुवर्षं तिच्या यकृतावर उलटली होती, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. आता जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा काढून तिच्या पोटात बसवणं हा एकच इलाज उरला होता. यकृत हा अवयव मोठा उदार आहे. अर्धं दिलं तरी देणाऱ्याच्या पोटात ते पुन्हा वाढतं आणि घेणाऱ्याच्याही. पण देणारा जुळावा लागतो. शैलजाच्या नवऱ्याचा रक्तगट जुळत नव्हता, आणि मुलगी ईश्वरी अजून अकरावीत होती. जुळला तो धाकटा भाऊ. रणजितनं ऐकल्या ऐकल्या सांगून टाकलं होतं, त्यात विचार काय करायचाय, घ्या की.

डॉक्टरांनी मात्र विचार केला. त्याच्या पोटाची तपासणी झाली तेव्हा यकृतात चरबीच चरबी दिसली. असलं यकृत कापलं तर ते ना भावाला पुरणार, ना बहिणीच्या कामाला येणार. तीन महिन्यांत ती चरबी उतरली पाहिजे, नाहीतर ऑपरेशन होणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. शैलजाची अडचण नेमकी उलटी होती. आजारानं तिची भूक मेली होती. दोन घास पोटात गेले की मळमळायचं. अंगावरचं मांस झडत चाललं होतं, आणि अशा शरीराला एवढं मोठं ऑपरेशन झेपणारं नव्हतं. म्हणजे भावानं तोंड आवरायचं आणि बहिणीनं तोंड चालवायचं, आणि दोघांनाही नेमकं तेच जमत नव्हतं.

"एकाला भूक आवरत नाही, दुसरीला ती येत नाही," डॉ. निलोफर मुजावर म्हणाल्या. "आणि दोघं एकाच आईच्या पोटची. अदलाबदल करून बघू या का?"

पोट आणि मेंदू यांच्यामध्ये एक लांबलचक नस आहे. तिला व्हेगस म्हणतात. मेंदूचे हुकूम पोटाला पोचवणं हे तिचं काम, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात तिचे बहुतेक धागे उलट्या दिशेनं काम करतात. पोट किती ताणलंय, आतड्यात साखर उतरली की तेल उतरलं, हे सगळं ती खालून वर कळवत असते. त्या खबरीवरूनच आपल्याला भूक लागते आणि पोट भरल्याचं समाधानही मिळतं. याच नसेची एक बारीक फांदी कानाच्या खोलगट भागात येऊन थांबते. मानेवर चिकटवलेली चकती एकाच्या नसेतली खबर ऐकायची, आणि दुसऱ्याच्या कानाला अडकवलेली बुगडी तीच खबर तिथल्या फांदीला बारीक विजेनं सांगायची. दोघांनी एका टेबलाशी बसायचं आणि जेवणापुरतं यंत्र चालू करायचं. आपली खबर फिरून पुन्हा आपल्याकडेच येऊ नये म्हणून मध्ये एक डबी होती. फोनवर आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येत नाही ना, तशीच ती सोय.

रणजित यंत्रांचा माणूस. त्यानं विचारलं, खबर म्हणजे नक्की काय जातं, चव जाते का, मनातलं जातं का? डॉ. मुजावर म्हणाल्या, तसलं काही नाही. नसेला नावं ठाऊक नसतात. ती खालची गडबड वर पोचवते. तिला भूक म्हणायचं, मळमळ म्हणायचं की आणखी काही, हे मेंदू ठरवतो, आणि मेंदू बऱ्याचदा चुकतो. रणजितला हे लगेच पटलं. शीतगृहातला तापमापकही नुसता आकडा दाखवतो. दार उघडं राहिलंय की गॅस संपलाय, ते माणसालाच शोधावं लागतं.

बुगडी तशी बाजारात नवी नव्हती. मोठ्या शहरांतल्या फास्ट फूडवाल्यांनी ती केव्हाच उचलली होती. वजन उतरवायला निघालेली गिऱ्हाइकं दुकानात टिकावीत म्हणून तिथं पगारी 'तृप्त' माणसं ठेवलेली असत. तृप्त माणूस चापून जेवून कोपऱ्यात डुलक्या काढत बसायचा, आणि त्याचं भरलेलं पोट कानात घेऊन दहा जण समोर काकडी चघळायचे. पुढं तृप्त माणसांनी संघटना काढली आणि वाढलेल्या पोटांसाठी भरपाई मागितली, तो भाग वेगळा. भूक मात्र कुणी कुणाला दिली नव्हती. ती डॉ. मुजावर यांची कल्पना होती, आणि तिच्यासाठी दोन्हीकडून गरज असलेली जोडी त्यांना हवी होती.

बसायचं कुठं हाही प्रश्न निघाला. रणजितच्या बायकोनं, स्नेहलनं, घरी या, मी भाकरी-भाजी करते, असं सांगितलं. डॉक्टर नको म्हणाल्या. घरच्या ताटावर सगळेच संत असतात. रणजित दिवसभर तासगाव, कवठेमहांकाळ, जत असा गाडीवर फिरतो आणि त्याचा पाय घसरतो तो रस्त्याकडेच्या 'खमंग'मध्ये. तेव्हा बसायचं खमंगमध्येच, आणि तिथं बसून नीट मागवायला शिकायचं.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या खमंगमध्ये दोघं दुपारी शिरली तेव्हा तळणीचा वास दारापर्यंत आला होता. तिथं ऑर्डर घ्यायला माणूस नव्हता. काउंटरवरचा संगणकाचा पडदाच बोलायचा, आणि तो भलता बोलघेवडा होता. रणजित दिसताच त्यानं विचारलं, नेहमीचंच का साहेब, डबल चीज वडा, मोठे फ्राईज आणि थंड पेय? आक्कानं, म्हणजे शैलजानं, भावाकडे बघितलं. भाऊ छताकडे बघत राहिला.

टेबलाशी बसून त्यांनी बुगड्या चालू केल्या. थोडा वेळ काहीच घडलं नाही. मग रणजितच्या ध्यानात आलं, वड्याचा वास येतोय, पण तो आता नुसता वास आहे, त्यात बोलावणं नाही. आणखी थोड्या वेळानं तर तेलाच्या वासानं त्याच्या घशाशी आलं. हे आक्काचं पोट होतं. वर्षभर ही बाई असलं पोट घेऊन जगत होती, आणि आपण भेटायला गेलो की चहाबरोबर चिवड्याची ताटली पुढं करत होती. रणजितला एकदम गलबलून आलं.

समोर आक्काचा रंग वेगळाच. तिनं आधी घसा खाकरला. मग इकडं तिकडं बघितलं. मग नवी नवरी सासरी काही मागते तसं हळूच म्हणाली, वडा खाऊ का एक? डॉक्टरांनी तिला मीठ कमी आणि प्रथिनं भरपूर असं बजावलं होतं, म्हणून ज्वारीच्या पोळीत गुंडाळलेलं मटकी-पनीर मागवलं आणि वडा अर्धाच ठरला. तिनं ती गुंडाळी संपवली, अर्धा वडा संपवला, बोटं पुसली, आणि उरलेल्या अर्ध्या वड्याकडे अशी काही बघत राहिली की रणजितनं तो कागदाखाली झाकून ठेवला.

"काय रे ही तुझी भूक," ती म्हणाली. "भूक आहे का दरोडा?"

रणजितनं बिनतेलाचा मूग डोसा घेतला होता. त्यातला पाव हिस्सा त्यानं पानात टाकला. असं त्याच्या हयातीत झालं नव्हतं.

पुढचे काही आठवडे ती दोघं एक दिवसाआड खमंगमध्ये भेटू लागली. तिथले लोक मिशीवाल्या माणसाच्या कानातली बुगडी बघून आधी हसले आणि मग सरावले. आक्का खाऊ लागली होती. तिच्या गालांवर पुन्हा काहीतरी दिसू लागलं होतं. अंगात जोर आल्यावर तिच्यातली शिक्षिकाही जागी झाली आणि तिनं खमंगचा पाटीभर मेनू वर्गासारखा हातात घेतला. 'हलकं' या सदरातलं सगळं हलकं नसतं हा पहिला शोध तिचाच. तिथल्या कोशिंबिरीवर जी पांढरी चटणी ओतत, तिच्यातलं तेल वड्यापेक्षा भारी भरत होतं. मग चटणी वेगळी मागायची आणि बोट बुडवण्यापुरतीच घ्यायची, असं ठरलं. पाव लोणी न लावता भाजायला सांगायचा. थंड पेयाच्या जागी ताक घ्यायचं. पडदा मोठं घ्या, स्वस्त पडतं म्हणाला की लहान घ्यायचं, कारण पैशात वाचतं ते पोटावर दिसतं. आणि ऑर्डर द्यायच्या आधी ठरवून यायचं, वासाच्या तडाख्यात ठरवायचं नाही. रणजित सगळं मान डोलावून ऐकायचा. आक्काचं पोट कानात असलं की त्याला हे जमायचंही. आपण सुधारलो असंच तो धरून चालला होता.

दीड महिन्यानं दोघांची तपासणी झाली. आक्काचं वजन वाढलं होतं, हातापायांत मांस धरलं होतं. डॉ. मुजावर खूश होत्या. रणजितच्या यकृतातली चरबी मात्र जवळजवळ होती तेवढीच होती. त्यांनी शैलजाला बाहेर बसायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि रणजितला समोर बसवलं.

त्यांनी विचारलं ते कडक आवाजात नव्हतं. प्रत्येक दात्याला आम्ही एकट्याला गाठून विचारतो, असं त्या म्हणाल्या. तुम्हाला द्यायचं नसेल तर इथं सांगा. कारण विचारणार नाही. घरच्यांना आम्ही एवढंच सांगू की तुमचं यकृत वैद्यकीय दृष्ट्या चालण्यासारखं नाही. खरं कारण या खोलीबाहेर जाणार नाही. रणजित म्हणाला, तसलं काही नाही डॉक्टर, थोडं बाहेरचं खाणं होतं, बंद करतो. पण त्या बोलत असताना त्याच्या छातीवरचं काहीतरी सैल झालं होतं, आणि का सैल झालं ते त्यानं बघायचं टाळलं.

बाहेरचं खाणं थोडं नव्हतं. ज्या दिवशी आक्का बरोबर नसायची, त्या दिवशी तासगावच्या वाटेवर गाडी आपसूक खमंगकडे वळायची. भूक लागायचीच तशी, सकाळचा नाष्टा नीट झालेला असला तरी लागायची. डबल चीज वडा पोटात गेला की ती शांत व्हायची. कामाच्या माणसाला भूक लागणार नाही तर काय, असं त्याचं त्यानंच ठरवून टाकलं होतं. त्या दिवशीही रुग्णालयातून निघून आक्काला घरी सोडल्यावर त्यानं वडा खाल्ला, आणि फ्राईजही.

पुढच्या भेटीपासून आक्का चमत्कारिक वागू लागली. जेवण होईपर्यंत ती गप्प असायची. पोटं भरली, ताटं सरली, की बुगड्या चालू ठेवूनच बोलायला सुरुवात करायची, आणि तेही तुटक तुटक. ईश्वरीच्या क्लासचं काहीतरी सांगायची आणि थांबायची. मग नव्या मुख्याध्यापकांचं. मग रणजितच्या मुलाचं क्रिकेट, बेदाण्याचा पडलेला भाव, स्नेहलच्या आईचा गुडघा. आणि मध्येच कुठंतरी, ऑपरेशनच्या दिवशी गाडी कुणाची न्यायची रे, असं. प्रत्येक विषयानंतर ती डोळे मिटून घ्यायची, जणू आतून कुणी उत्तर देणार होतं. आजार डोक्यात तर चढला नाही ना, अशी रणजितला शंका आली, कारण यकृत बिघडलं की तसंही होतं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

तिसऱ्या भेटीत तिनं ताट बाजूला सारलं आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"रणजित, मी एक प्रयोग करतेय," ती म्हणाली. "माझं पोट भरलेलं असतं. तुझंही भरलेलं असतं. मग मी कसलंही बोलले तरी काही होत नाही. बेदाण्याचा भाव काढला, काही नाही. तुझ्या पोराचं काढलं, काही नाही. ऑपरेशन म्हटलं की मला वडा खावासा वाटतो. तीन दिवस झाले. एकदाही चुकलं नाही."

रणजित म्हणाला, यंत्रात बिघाड असेल, डबी उघडून बघतो.

"डबी ठीक आहे. ती जे आहे तेच पाठवते. नाव चुकतंय ते आपण देतोय." तिनं आवाज खाली आणला. "ही भूक नाही रे. तू घाबरलायस."

रणजितला आधी राग आला. आपण घाबरलोय हे पहिल्यांदा आपल्यालाच कळायला नको का? बायकोला कळलं नाही, आईला नाही, आणि हे एका बहिणीनं, तेही भरल्या पोटी, शोधून काढावं? तो तावातावानं बोलायला लागला. पहिल्याच दिवशी हो म्हटलं ते विसरलीस का, असंही म्हणाला. बोलता बोलता त्याच्या पोटात तीच ओळखीची ओढ उठली, वडा हवा म्हणणारी, आणि आता तिच्याकडे नीट बघितल्यावर त्याला दिसलं की ती वड्याजवळ सुरूच होत नव्हती. ती ऑपरेशनच्या टेबलावरून येत होती. उघडं पोट, झोपवल्यावर जाग न येण्याचं भय. पोरगा अजून लहान आहे. भूक म्हटलं की तिच्यावर इलाज होता, रस्त्यावर दर दहा मैलांना उभा होता. भीती म्हटलं असतं तर काय मागवायचं?

मग त्यानं सगळं सांगितलं. तासगावच्या वाटेवरचे वडे सांगितले. डॉक्टरांनी दार लावून काय विचारलं तेही सांगितलं.

"चरबी उतरली नसती तर मला नाही म्हणावं लागलंच नसतं, आक्का. मी असं ठरवून काही केलं नाही. पण झालंय ते हेच झालंय."

शैलजा ऐकत होती. तिचा चेहरा परीक्षेच्या हॉलवर देखरेख करताना असायचा तसा होता, शांत आणि दूरचा. ती म्हणाली, मग नको देऊ. त्यात लाजायचं काय आहे? शेताच्या वेळी नाही का मी हक्कसोड करून दिली, कुणाला मागावी लागली का? तसंच समज. माझं मी बघते. ईश्वरी शहाणी आहे. माझं काही म्हणणं नाही.

हक्कसोडीचं आपल्याकडे काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कायद्यानं बहिणीचा वाटा भावाएवढाच. पण नावं चढवायची वेळ आली की बहीण कचेरीत येते, मला काय करायचंय, तुम्हीच घ्या म्हणते आणि सही करून जाते, कारण वाटा घेतला तर माहेर तुटेल ही धास्ती. मग भाऊ तिला साडी घेतो, सगळे हॉटेलात जेवतात आणि आक्काचं मन किती मोठं म्हणतात. रणजितही तसंच म्हणाला होता.

पण त्या दिवशी कचेरीत त्याच्या कानात बुगडी नव्हती. आज होती. आक्का माझं काही म्हणणं नाही म्हणाली आणि रणजितच्या पोटात खड्डा पडला. त्याचा स्वतःचा नव्हे. स्वतःची ओढ एव्हाना त्याला ओळखू येत होती. ही वेगळी होती. मळमळ नव्हती. मळमळणारं, काहीच नको म्हणणारं पोट त्यानं इतके दिवस उसनं घेतलं होतं, आणि त्या पोटानं आता काहीतरी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, सोडायला तयार नव्हतं. समोर चेहरा शांत होता. ओठ माझं मी बघते म्हणत होते. आणि आत ही बाई जिवाच्या आकांतानं जगायचं म्हणत होती.

रणजितला लाज वाटली. आजची वाटली आणि कचेरीतल्या त्या दिवसाचीही वाटली. तेव्हाही हिनं नको म्हटलं होतं आणि आपण ते खरं मानलं होतं, कारण खरं मानणं सोयीचं होतं. आजही तेच सोयीचं होतं. नको म्हणतेय ती, सोडवतेय आपल्याला. उठून निघालं तर कुणी बोट दाखवणार नव्हतं.

त्यानं डबी बंद केली. कानातली बुगडी काढून टेबलावर ठेवली आणि हात पुढं करून आक्काचीही काढायला लावली. दोघांच्या पोटांत आता ज्याचं त्याचं उरलं.

"आता तोंडानं बोल," तो म्हणाला. "नको म्हणू नको. मोठेपणा करू नको. तुला काय पाहिजे ते सांग."

शैलजाला ते जमेना. पाण्याचा पेला उचलून तिनं खाली ठेवला, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. ज्या बाईनं भावाकडे कधी भाऊबीजेची ओवाळणीसुद्धा मागितली नव्हती, तिला काय मागायला सांगितलं होतं हे आपण बघितलंच आहे. रणजित थांबून राहिला. मदतीला एक शब्दही त्यानं पुढं केला नाही, कारण त्यानं शब्द दिला असता तर तिनं तोच उचलला असता.

"मला जगायचंय रे," ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज पार लहान झाला होता. "ईश्वरीसाठी-बिश्वरीसाठी नाही. मलाच जगायचंय. तुझं लिव्हर पाहिजे मला. दे."

आणि ती रडायला लागली. शेजारच्या टेबलावरच्या माणसांनी माना वळवल्या आणि परत फिरवल्या. रणजितच्याही डोळ्यांना धार लागली होती. मिशी पुसत तो म्हणाला की मला लई भीती वाटते, आक्का. मला पोट फाडून घ्यायचं म्हटलं की हातपाय गळतात. हे त्यानं आजवर कुणालाही, अगदी स्वतःलाही सांगितलेलं नव्हतं. म्हटल्यावर भीती गेली वगैरे काही झालं नाही, जशीच्या तशी पोटात बसून राहिली. फक्त ती आता वडा मागत नव्हती.

"देतो," तो म्हणाला. "घाबरत घाबरत देतो. चालेल ना?"

आक्कानं मान डोलावली. तो ताक आणायला उठला.

काउंटरपर्यंतचं अंतर थोडं होतं, पण आज त्याच्या कानात कुणाचं पोट नव्हतं. तळणीचा वास सरळ नाकात शिरला आणि खाली गेला. तोंडाला पाणी सुटलं. भीतीशिवायची एक साधी भूकही असते, तीही होतीच, आणि तिनं आपलं काम चोख केलं. पडदा उजळला. दोन ताक का साहेब? बरोबर मोठे फ्राईज घेतलेत तर आज एकावर एक फुकट आहेत. चित्रातले फ्राईज सोन्यासारखे पिवळे होते, वर मीठ चमकत होतं. अजून महिनाभर राहिला होता आणि रोज असंच कुठल्या ना कुठल्या पडद्यासमोर एकट्यानं उभं राहायचं होतं. रणजित चित्राकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ बघत राहिला.

मागून आवाज आला. पस्तीस बाकांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला, रडून फुटलेला, पण खणखणीत आवाज. खमंगमधली सगळी माणसं वळून बघू लागली.

"रणज्या, फ्राईज घ्यायचे नाहीत. ते लिव्हर माझं आहे."